ताटाची खतावणी



गेल्या अंकात बँकेतील ठेवींवर वारसाची नोंद करण्याविषयी लिहिले होते. त्यावर बदनापूरच्या बाजारपेठेतील एका आडत व्यापारी स्नेह्यांनी भेटून सांगितले, "साहेब, सगळ्या ठेवींना वारस लावून टाकले. आता वारसांना त्या ठेवी लवकर मिळू नयेत, यासाठीही काही उपाय असेल तर लिहा." असे म्हणून त्यांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरविला. गादीवर बसून ज्यांचे आयुष्य गेले, त्या आपल्या सर्वांचाच हा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. परंतु हिशेब ठेवण्यात आयुष्य गेले असल्याने ताटाचा हिशेब कसा ठेवावा, हे स्वतःच्या घरातील अनुभवावरून सांगण्याचे धाडस करीत आहे. त्या हिशेबात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगणार आहे.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी माझे वजन ८१ किलो भरले. उंची १६५ सेंटिमीटर. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो माझ्या बाबतीत पावणेतीसच्या घरात होता. आपल्या भारतीयांसाठी हा आकडा २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता, असे मानले जाते. सामायिकासाठी खाली बसलो की उठताना भिंतीचा आधार लागे. उपाशीपोटीची साखर सीमारेषेवर होती.

पहिला उपाय म्हणून मोठ्या शहरातील एका सल्लागाराकडून छापील आहारतक्ता मागविला. सकाळी मध घातलेले कोमट पाणी, न्याहारीला अंड्याचा पांढरा भाग, दुपारी लसूण घातलेली भाजी आणि रात्री नऊ वाजता कांद्याचे सूप! तक्ता करणाराचा दोष नव्हता. त्याला आपले स्वयंपाकघर ठाऊक नव्हते, इतकेच. त्यातले चालण्याजोगे तेवढे निवडून घेतले, तरी ते वेगळे शिजवावे लागे. आमच्या घरात नऊ माणसे आणि एक चूल. अकराव्या दिवशी तो तक्ता कपाटात गेला.

दुसरा उपाय उपवासांचा. चातुर्मासात तपश्चर्या केली, वजन चार किलो उतरले आणि पारण्यानंतर दीड महिन्यात व्याजासह परत आले. खरे तर यात तपाचा काही दोष नाही. तप हे कर्मनिर्जरेसाठी असते. त्याला वजनकाट्यावर बसविणे हा माझाच अविवेक होता.

तिसऱ्या खेपेस जालन्यातील एका आहारतज्ज्ञ भगिनींकडे गेलो. त्यांनी काय खावे हे सांगण्याआधी विचारले, "तुमच्या घरी काय शिजते, ते आधी सांगा." मी सर्व सांगितले. सूर्यास्तानंतर जेवण नाही, कंदमूळ नाही, तिथीला हिरवी भाजी नाही. त्या म्हणाल्या, "मग यातले काहीच बदलायचे नाही. फक्त मोजायला शिका आणि बदली करायला शिका." त्यांनी जी पद्धत शिकविली तिला फूड एक्स्चेंज म्हणतात. मराठीत आपण तिला अन्नाची अदलाबदल किंवा आहार-विनिमय म्हणू.

ही पद्धत मुळात मधुमेही रुग्णांसाठी १९५० साली अमेरिकेत तयार झाली. तेथील मधुमेह संघटना, आहारतज्ज्ञांची संघटना आणि सरकारी आरोग्यसेवा यांनी मिळून पदार्थांचे गट पाडले. एका गटातील प्रत्येक पदार्थाचे असे माप ठरविले की, त्यातून जवळपास सारखीच ऊर्जा आणि सारखेच पोषण मिळावे. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय पदार्थांची पोषणमूल्ये वर्षानुवर्षे मोजली आहेत. १९७१ मध्ये तिचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि २०१७ च्या नव्या तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थांची मोजणी आहे. त्यामुळे ज्वारी, तूर, दोडका आणि मोसंबी यांचाही हिशेब आता आपल्याला मांडता येतो.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही खतावणी आहे. प्रत्येक गट म्हणजे एक खाते आणि प्रत्येक माप म्हणजे एक एकक. आमच्या तज्ज्ञ भगिनींनी लिहून दिलेली खाती अशी :

धान्य : ३० ग्रॅम कोरडे पीठ, तांदूळ किंवा पोहे म्हणजे एक एकक. ऊर्जा सुमारे १०० कॅलरी, प्रथिने ३ ग्रॅम. मध्यम आकाराचा एक फुलका म्हणजे एक एकक. आपल्याकडील ज्वारीची एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तर दोन एकके.

डाळ : ३० ग्रॅम कोरडी डाळ किंवा अख्खे कडधान्य. ऊर्जा तीच, १०० कॅलरी. पण प्रथिने साडेसहा ते सात ग्रॅम, म्हणजे धान्याच्या दुपटीहून अधिक. एक वाटी घट्ट वरण, मुगाचे एक धिरडे किंवा ३० ग्रॅम बेसनाचे पिठले म्हणजे एक एकक.

दूध : गाईचे दूध किंवा त्याचे दही १५० मिलिलिटर. म्हशीचे सकस दूध असेल तर १०० मिलिलिटरच्या आतच हिशेब पूर्ण होतो. ऊर्जा सुमारे १०० कॅलरी, प्रथिने सुमारे ५ ग्रॅम.

भाजी : दुधी, दोडका, गवार, भेंडी, तोंडली, काकडी, टोमॅटो यांपैकी काहीही १०० ग्रॅम. ऊर्जा अवघी २५ कॅलरी. तेल मात्र वेगळ्या खात्यात लिहावयाचे.

फळ : एक मध्यम मोसंबी, एक लहान सफरचंद, अर्धे केळे किंवा वाटीभर पपईच्या फोडी. सुमारे ५० कॅलरी.

स्निग्ध : चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तूप किंवा तेल. ४५ कॅलरी. शेंगदाण्याचा कूट दोन चमचे किंवा सहा बदाम म्हणजेही एक एकक.

साखर-गूळ : एक चमचा, २० कॅलरी.

यात नियम एकच. एका खात्यातील पदार्थांची आपसांत बदली खुशाल करावी. एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात मात्र परस्पर वर्ग करू नये. फुलक्याऐवजी भात घ्या, भाताऐवजी पोहे घ्या. पण वरण उरले नाही म्हणून एक फुलका जास्त, असे करू नये. दोन्हींत कॅलरी शंभरच असल्या तरी प्रथिनांचे खाते तुटीत जाते. बँकेत बेरीज जुळली म्हणून लेखापरीक्षक संतुष्ट होत नाही. रक्कम योग्य शीर्षाखाली आहे का, हेही तो पाहतो.

मला रोजची १,५०० कॅलरींची मर्यादा ठरवून मिळाली. धान्य ६, डाळ २, दूध ३, भाजी ४, फळ २, स्निग्ध ४ आणि साखर १. बेरीज करून पाहा, बरोबर १,५०० येते. प्रथिने सुमारे ५४ ग्रॅम होतात. प्रौढ माणसाला दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात असे मानतात. ६५ किलोच्या माणसाला ती पुरेशी आहेत.

हे आकडे ताटात असे उतरतात. सकाळी नवकारशीनंतर मुगाचे एक धिरडे आणि प्यालाभर दूध : डाळ १, स्निग्ध १, दूध १. दुपारी तीन फुलके, किंवा एक भाकरी आणि अर्धी-पाऊण वाटी भात. एक वाटी घट्ट वरण, दोडक्याची भाजी, काकडी-टोमॅटो : धान्य ३, डाळ १, भाजी २, स्निग्ध २. चार वाजता एक मोसंबी आणि पपईच्या फोडी : फळ २. त्याबरोबर चहा, त्याची एक चमचा साखर साखरेच्या खात्यात आणि चहासह दिवसाचे उरलेले दूध, म्हणून दूध १. सूर्यास्तापूर्वी भाकरी-फुलका, दोन वाट्या भाजी आणि दही : धान्य ३, भाजी २, स्निग्ध १, दूध १. द्विदलाचा दोष टळावा म्हणून दही वरणाबरोबर न ठेवता सायंकाळी ठेवले आहे. घरात सर्वांसाठी जे शिजले तेच मी जेवलो. वेगळी चूल नाही, वेगळे भांडे नाही. वेगळी होती ती फक्त मोजणी.

आता आपल्या स्वयंपाकघरातील काही फसव्या नोंदी सांगतो.

कच्च्या केळ्याची भाजी. बटाट्याच्या जागी आपण कच्चे केळे वापरतो आणि भाजी खाल्ल्याचे समाधान मानतो. ही नोंद भाजीत नव्हे, धान्यात करावयाची. मटारचेही तसेच.

बाटी. ६० ग्रॅम पिठाची एक बाटी म्हणजे धान्य २. ती तुपात बुडवून काढली की तीन चमचे तूप सहज शोषते, म्हणजे स्निग्ध ३. दोन बाट्यांत धान्य ४ आणि स्निग्ध ६. माझ्या दिवसभराच्या तुपाच्या दीडपट! तरीही रविवारी दाल-बाटी होते. मी एक बाटी घेतो, तूप वरून एक चमचा घेतो आणि दाल दोन वाट्या घेतो.

शेव. चहाबरोबरची मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेव, ही पाऊण डाळ आणि दोन स्निग्ध होते. शेव खाणे पाप नव्हे, पण ती हिशेबाबाहेर खाणे ही बेहिशेबी उचल आहे.

मोसंबीचा रस. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचा आपल्याला अभिमान आहे, म्हणून पाहुण्याला आपण रस देतो. एका प्याल्यात तीन-चार मोसंब्या जातात. म्हणजे दोन दिवसांचे फळ दोन मिनिटांत पोटात आणि चोथा टोपलीत. फळ सोलून खावे.

सर्वांत मोठी फसवी नोंद तेला-तुपाची. ती ताटात दिसत नाही, म्हणून किराणाच्या वहीत शोधावी. आमच्या घरी महिन्याला १५ किलोचा तेलाचा एक डबा आणि तीन किलो तूप लागे. १८ किलोंना नऊ माणसे आणि तीस दिवसांनी भागले, तर माणशी रोज सुमारे ६६ ग्रॅम, म्हणजे तेरा चमचे. शिफारस सुमारे २० ते ३० ग्रॅमची आहे. नऊ माणसांत तीन लहान नातवंडे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे मोठ्यांच्या वाट्याला किती आले असेल ते सांगावयास नको. वाचकांनी हा भागाकार आज रात्रीच करून पाहावा. आपल्या व्यापारी घरांत ती वही जपून ठेवलेली असतेच.

याउलट डाळीचे खाते रिकामे असते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे नाव तूर आणि मुगाच्या वाणांसाठी महाराष्ट्राबाहेरही घेतले जाते. पांढऱ्या तुरीचे बीडीएन ७११ आणि लाल तुरीचे बीडीएन ७१६ हे वाण आपल्याच मातीतले. आपल्यापैकी कित्येकांची दुकाने तुरीवर चालतात. आणि घरी वरण मात्र पळीतून पाण्यासारखे ओघळते! अंडी-मांस वर्ज्य असणाऱ्या कुटुंबाने डाळ घट्टच केली पाहिजे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, तेव्हा भाजीच्या चार एककांच्या १०० कॅलरी डाळीकडे वळवाव्यात. ही बदली एका खात्यातून दुसऱ्या खात्यात होते, म्हणून ती तिथीपुरतीच करावी. भाजीतला चोथाही कमी पडतो, म्हणून त्या दिवशी सोललेल्या डाळीऐवजी मोड न आणलेले अख्खे मूग किंवा हरभरे उकडून घ्यावेत.

नऊ महिन्यांत माझे वजन ८१ वरून ७४ वर आले. पहिल्या दोन महिन्यांत भरभर, नंतर सावकाश. सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडतो, असे वैद्यक सांगते. मला तसा अनुभव आला. मी प्रसन्न होतो. रोज रात्री वही लिहीत होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीत होतो.

आणि येथेच माझी चूक उघडी पडली.

समाजाच्या आरोग्य शिबिरात आम्ही दोघे गेलो. माझी साखर सुधारलेली होती. सौभाग्यवतींची उपाशीपोटीची साखर १४८ निघाली. १२६ पासून पुढे मधुमेह समजतात. मला पटेना. वजन ५८ किलो, हातपाय सडसडीत. घरात तिला कोणी जाड म्हटले नव्हते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कमरेचा घेर मोजला : ९१ सेंटिमीटर. स्त्रियांसाठी ८० ची मर्यादा आहे, पुरुषांसाठी ९० ची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या या फसवेपणावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ मध्ये त्यांनी आपले आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचा उंची-वजनाचा आकडा सारखाच, २२.३, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून मेदयुक्त.

घरी आल्यावर मी वही उघडली. नऊ महिन्यांची पाने होती आणि त्यांत तिच्या ताटाची एकही नोंद नव्हती. मी तिला म्हटले, "तीन दिवस तुमचेही लिहू." ती म्हणाली, "अहो, माझे काय लिहिणार? मी कुठे ताट वाढून घेते?"

ते खरेच होते. सर्वांची जेवणे झाल्यावर, दिवस मावळायच्या घाईत, जे उरले असेल ते ती खात असे. वरण बहुधा संपलेले असे, म्हणून फुलका लोणच्याशी. नातवाने टाकलेला अर्धा फुलका, कढईच्या तळाचा शिरा, तुपाची खिचडी. आपल्याकडे उष्टे टाकावयाचे नाही, ताट धुऊन प्यावयाचे, हा नियम आहे आणि तो थोर नियम आहे. पण माझ्या ध्यानात आले की, आमच्या घरात तो नियम सारे कुटुंब बोलत होते आणि एकटी ती पाळत होती. नऊ माणसांचे उरलेले तिच्या पोटात जमा होत होते.

तीन दिवसांची सरासरी काढली. धान्य ९, डाळ अर्धी, भाजी १, फळ शून्य, दूध १ तेही चहातले, स्निग्ध ७, साखर चार चहांची मिळून ८. बेरीज १,५५० कॅलरी. म्हणजे रक्कम फार मोठी नव्हतीच. शीर्षे चुकलेली होती. प्रथिने जेमतेम ३७ ग्रॅम. ज्या माणसाने चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्याला शेजारच्या ताटातील चूक दिसली नव्हती.

डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि तज्ज्ञ भगिनींनी तिला १,३०० च्या आतबाहेरची खाती बांधून दिली. धान्य ५, डाळ २, दूध अडीच, भाजी ४, फळ २, स्निग्ध ३. घरात तीन नियम झाले. ती सर्वांबरोबर जेवायला बसेल. शेवटचे फुलके सूनबाई आणि मुलगे आळीपाळीने करतील. वरण रोज दोन वाट्या जास्त शिजेल. आणि मुलांना प्रथम थोडे वाढायचे, लागले तर पुन्हा. ज्याने ताटात टाकले, त्यानेच ते संपवायचे. तिसरा नियम बसायला सर्वाधिक वेळ लागला. पाच महिन्यांनी तिची साखर ११८ आणि कमरेचा घेर ८६ झाला. औषध चालू आहे.

सावधगिरीचे दोन शब्द. जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी किंवा उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळीचे प्रमाण डॉक्टर ठरवतील. वाढत्या मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना वजन उतरविण्याचा हा हिशेब लावू नये. माझे आकडे माझे आहेत. आपले आकडे तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावेत. सुरुवातीस आठ दिवस स्वयंपाकघरात एक छोटा काटा ठेवावा. एकदा आपली वाटी, आपला चमचा आणि आपला फुलका मोजला की पुढे नजर पुरते.

आपल्या शास्त्रात बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते : भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. उपवास वर्षात काही दिवस होतो. ऊनोदरी रोज करता येते. पूर्वाचार्यांनी तिची मोजणीही सांगितली आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा आणि स्त्रीचा २८ कवळांचा धरून त्याहून कमी घ्यावे. म्हणजे मोजून जेवणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. मला मात्र त्यातील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. पूर्वाचार्यांनी स्त्रीचे कवळही मोजले होते.

आज रात्री तेलाचा भागाकार कराल, तेव्हा वहीच्या कोऱ्या पानावर घरातील प्रत्येकाचे नाव लिहून एकेक रकाना आखा. पहिला रकाना तिचा, जी सर्वांत शेवटी जेवते.